फॉर्म भरून देणं म्हणजे मुलांना पांगळं करणं का?

निवृत्त_बाई: काल ‘रावपुरा_७२’ यांनी लिहिलं, की बडोद्यात दांडिया बाजारात दर शनिवारी निवृत्त मास्तर मंडळी खेड्यातल्या मुलांचे कॉलेजचे फॉर्म भरून देतात, ही सेवा नसून पोरांना पांगळं करणं आहे. ‘ज्याला शिकायचंय तो मार्ग काढतो, आम्हाला कोणी भरून दिले होते?’ असा त्यांचा सवाल. त्या मंडळींतली एक मी. ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

गेल्या जूनमध्ये छोटा उदेपूरच्या आदिवासी भागातून, कवांटकडची एक मुलगी आली. बारावी सायन्स, ६८ टक्के. वडील इथेच ठेकेदाराकडे गटाराच्या खोदकामावर. फॉर्म तिने गावातल्या सायबर कॅफेत भरला होता, २०० रुपये देऊन. कॅफेवाल्याने मोबाईल नंबर स्वतःचाच टाकला. आता पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि तो फोन उचलेना. आमच्यातल्या एका सरांनी त्याला सतरा वेळा फोन लावला. ती समोर दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आवकाचा (उत्पन्नाचा) दाखला. तो काढायला वडिलांचे दोन दिवसांचे खाडे झाले होते. अठराव्यांदा फोन लागला. या मुलीने कोणता मार्ग काढायचा राहिला होता, ते मला सांगा.

रावपुरा_७२: बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण १९८९ मध्ये मी पहाटे पाचला कॉमर्सच्या रांगेत उभा होतो. वडिलांची मिल बंद पडलेली. कोणी विचारलं नाही. आणि खरं दुखणं दुसरंच आहे. २०२४ पासून गुजरातच्या सगळ्या सरकारी युनिव्हर्सिटींचा एकच फॉर्म झाला, जीकॅस. माझा पुतण्या बडोद्याचा, घर मांडवीत, बारावीला ६४ टक्के. त्याला आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला जागा मिळाली नाही. त्या उन्हाळ्यात किती आंदोलनं झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. सयाजीराव महाराजांनी हे कॉलेज कोणासाठी काढलं?

नवापुरा_वहिनी: काकांचं बरोबर आहे. आमच्या धाकट्याला रोज बसने वाघोडियाला खासगी कॉलेजात जावं लागतं, फी चौपट. त्याचे फॉर्म भरायला कोणी मास्तर नाही आले.

निवृत्त_बाई: वहिनी, शनिवारी दार सगळ्यांना उघडं असतं. मांडवीची पोरंही येतात.

खंडेराव_मार्केट: महाराजांचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. बडोदा कॉलेज १८८१ चं, युनिव्हर्सिटी १९४९ ची. सयाजीराव १९३९ मध्येच गेले होते. सक्तीचं शिक्षण त्यांनी १८९३ ला आधी सुरू केलं ते अमरेलीत, बडोदे शहरात नव्हे. सगळ्या राज्यात १९०६ ला आलं. सोनगड, व्यारा हा आदिवासी मुलूखही त्यांच्याच राज्यातला. त्यांनी मांडवीपुरता विचार केला असता तर १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं असतं का?

रावपुरा_७२: इतिहास शिकवू नका. माझे आजोबा महाराजांच्या घोडदळात, हुजरात पागेत नोकरीला होते. प्रश्न जागांचा आहे. जागा वाढवा, मग कोणालाही बोलवा. आहे त्या ताटात दहा जण बसवले की घरचा उपाशी राहतो.

खंडेराव_मार्केट: कवांटची पोर बाहेरची झाली? तिचा बाप तुमच्या सोसायटीसमोरचं गटार खोदतो तेव्हा तो बडोद्याचा, आणि मुलगी प्रवेशाला आली की बाहेरची?

रावपुरा_७२: माझ्या तोंडी शब्द घालू नका! मी असं लिहिलेलं नाही.

प्रतापगंज_लेक्चरर: दोघेही थांबा. मी शिकवतो, म्हणून सांगतो. फॉर्म हा सोपा भाग आहे. आमच्याकडे शिकवणं इंग्रजीत. बारावीपर्यंत गुजराती माध्यमात शिकलेली मुलगी पहिल्या आठवड्यात ‘टायट्रेशन’ ऐकते आणि मान खाली घालते. तिला ‘अनुमापन’ म्हटलं की लगेच कळतं, पण म्हणायला वेळ कोणाला आहे? दिवाळीनंतर मागचे दोन बाक रिकामे. बाई, तुम्ही जूनमध्ये भरती करता, ऑक्टोबरात तुमच्यातलं कोणी दिसत नाही. यावर मला राग आहे.

निवृत्त_बाई: हे लागलं. खरं आहे म्हणून लागलं. ऑक्टोबरात आम्ही येत नाही. पण त्या कवांटच्या मुलीचं कॉलेज सुटलं ते इंग्रजीमुळे नव्हे, खोलीमुळे. वसतिगृहाची यादी उशिरा लागली. तोवर ती बापाच्या झोपडीत, दिवे नसलेल्या साइटवर राहिली. फतेगंजात तीन खोल्या मी स्वतः तिच्याबरोबर जाऊन पाहिल्या. तिसऱ्या घरी आडनाव विचारलं आणि खोली ‘कालच गेली’ झाली.

आंबेडकर १९१७ ला शिकून नोकरीसाठी याच गावात आले. महाराजांची शिष्यवृत्ती होती, नोकरी होती, डोक्यावर छप्पर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. मी त्या दिवशी फतेगंजातून कमाटीबागेवरूनच घरी आले.

नवापुरा_वहिनी: ती मुलगी आता कुठे आहे?

निवृत्त_बाई: नसवाडीला मावशीकडे. बाहेरून बीए करते. सायन्स सुटलं.

रावपुरा_७२: जागांचा मुद्दा मी सोडणार नाही, पुतण्याचं वर्ष गेलंय. पण ओटीपीचं वाचून आठवलं. त्याचा फॉर्म त्याने नाही भरला, मी भरला, ऑफिसातून अर्धी रजा टाकून, दोनदा. कॅटेगरीत चूक झाली ती मुलाला कळलीही नव्हती. तेवढ्यापुरतं ‘पांगळं’ म्हणणं मागे घेतो. तेवढ्यापुरतंच.

प्रतापगंज_लेक्चरर: बाई, रसायनशास्त्राच्या शब्दांची गुजराती-इंग्रजी यादी माझ्याकडे आहे, ४०० शब्द. पहिल्या सत्रात शनिवारी दोन तास मिळाले तर मी येईन. खोल्यांचं मात्र मला काही सुचत नाही.

निवृत्त_बाई: या. दुपारी तीनला बसतो. खोल्यांसाठी घरमालकांची यादी करतेय. जो आडनाव न विचारता खोली देईल त्याने इथे नुसतं ‘हो’ लिहावं.

खंडेराव_मार्केट: हो. वरची खोली, स्वयंपाकघर सामाईक.