फाउंड्रीची वाया जाणारी उष्णता शेजारच्या हॉस्टेलच्या गरम पाण्याला वापरता येईल काय?

मच्छेकर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला कामाला आहे. शेजारच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, रात्रपाळीला इंडक्शन फर्नेस (विजेवर लोखंड वितळवायची भट्टी) चालू असतंय, तिचं पाणी थंड करायच्या कूलिंग टॉवरमधनं पहाटेपर्यंत वाफ वर जात असते आणि भिंतीपलीकडंच पोरांचं हॉस्टेल आहे, तिथं पहाटे पाचला बंब पेटतो. पावसाळ्यात लाकडं ओली, सगळ्या गल्लीत धूर, वरच्या मजल्यावर एक दम्याच्या आजी आहेत त्यांचे फार हाल होतात ओ. डेन्मार्कात कारखान्यांची उष्णता पाइपनं गावभर देतात असं वाचलं. आपल्याकडं घरं गरम करायला लागत नाहीत, पण आंघोळीचं पाणी तर रोज लागतंय की. हे जमण्यासारखं आहे काय, आणि सुरुवात कुठनं करावी?

खानापूर ते ओडेन्स:
मी ओडेन्सलाच असतो, म्हणून सांगतो. इथं फेसबुकच्या डेटा सेंटरची गरम हवा वाया जात नाही, ती कोमटच असते पण तिच्यातली उष्णता हीट पंपानं (फ्रिजसारखं, उष्णता खेचून तापमान वाढवणारं यंत्र) वाढवून शहराच्या गरम पाण्याच्या लाइनीत सोडतात. देशातली जवळजवळ दोन तृतीयांश घरं असल्या लाइनीवर आहेत. 1973 ला तेलाच्या भावाचा भडका उडाला, त्यानंतर 1979 ला उष्णता पुरवठ्याचा कायदाच केला, तिथनं हे पसरलं. मार्स्टल म्हणून एका बेटावरचं छोटं गाव आहे, तिथं उन्हाळ्यातलं सोलरचं गरम पाणी 75,000 घनमीटरच्या झाकलेल्या खड्ड्यात साठवतात आणि थंडीत वापरतात. पण दादा, इथं महिनोन्महिने दिवसरात्र उष्णता लागते म्हणून जमिनीखालच्या पाइपांचा खर्च निघतो. बेळगावात सकाळचे दोन तास गरम पाणी लागणार, त्यासाठी अख्ख्या टिळकवाडीत पाइप टाकून परवडणार नाही. भिंतीपलीकडं द्यायचं असेल तर मात्र बिनधास्त करा.

भट्टीवाला काका:
मी फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. मच्छेकर, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, हे बघून माझाही जीव तुटतो. फर्नेसला जी वीज जाते त्यातली ढोबळमानानं 20 ते 30 टक्के कॉइलच्या, म्हणजे भट्टीभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या नळीतल्या, पाण्यात जाते. म्हणजे 500 किलोवॅटची फर्नेस फुल लोडवर असली तर निदान 100 किलोवॅट उष्णता आम्ही पैसे मोजून टॉवरवरनं उडवतो. हॉस्टेलला 2000 लिटर पाणी 22 वरनं 42 अंशावर न्यायचं म्हटलं तर साधारण 47 युनिट उष्णता लागते, म्हणजे अर्ध्या तासाच्या मेल्टिंगमध्येच काम झालं! रात्री विजेचा दर कमी म्हणून आम्ही मेल्टिंग रात्रीच घेतो, आणि तुम्हाला पाणी पहाटे पाहिजे, वेळ आपसूकच जुळते.

पण कॉइलमधनं नळाचं पाणी अजिबात फिरवायचं नाही. तिथं डीएम पाणी (क्षार काढलेलं पाणी) लागतंय, क्षार धरला की कॉइल तापून पंक्चर, आणि वितळलेल्या लोखंडाजवळ पाणी गळणं म्हणजे जिवाशी खेळ. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर घालायचा, त्यात पत्र्यांतनं उष्णता पलीकडं जाते पण दोन्ही पाणी वेगळं. आणि टॉवर काढायचा नाही, हॉस्टेलच्या टाकीनं उष्णता घेतली नाही तरी फर्नेस थंड राहिलीच पाहिजे.

दुसरं म्हणजे कोमट पाणी टाकीत रात्रभर ठेवू नका, 40-45 ला लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यातनं न्यूमोनिया होतो. टाकी 60 वर ठेवायची आणि नळाला गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावायचा. 60 पर्यंतची वरची वाढ हवेच्या कॉम्प्रेसरकडनं घ्या. स्क्रू कॉम्प्रेसरचं ऑइल 80 च्या आसपास गरम असतंय, खाल्लेली जवळपास सगळी वीज उष्णताच होते, बाजारात त्याची हीट रिकव्हरी किट मिळतात.

संकेश्वरची ताई:
आमच्या भागात साखर कारखान्यांत को-जनरेशन आहे, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) बॉयलर, टर्बाइननं वीज आणि उरलेली वाफ रस आटवायला, म्हणजे वाफ तिथं आधीच कामी येते. मला जास्त वाईट गुऱ्हाळांचं वाटतं. एकाच काईलीचं (रस उकळायच्या कढईचं) चुलवाण असलं की धुराड्यातनं बरीच उष्णता नुसती निघून जाते, मागं दुसरी काईल बसवून त्याच धुरावर कच्चा रस तापवला तर चिपाडं वाचतात. हंगाम संपला की तीपण बंद. म्हणून हॉस्टेलसारख्या बारमाही गरजेला फाउंड्री बरी आणि छतावर सोलर वॉटर हीटर. उन्हाळ्यात सोलर चालतंय, जून ते सप्टेंबर आपल्याकडं ऊनच नसतं तेव्हा भट्टीची उष्णता.

मच्छेकर:
खूप आभार सगळ्यांचे. सोलर मग दुसऱ्या टप्प्यात बघतो. फाउंड्रीच्या मालकांना भेटायला जाणार आहे, त्यांना काय दाखवू म्हणजे ते हो म्हणतील?

भट्टीवाला काका:
आठवडाभर दर तासाला कॉइलचं येणारं आणि जाणारं पाणी किती अंश आहे आणि फ्लो किती आहे ते लिहून काढा, पॅनलजवळ गेज असतातच. रविवारी आणि सुट्टीला काय, तेही लिहा, त्या दिवशी हॉस्टेलला गीझर लागेल. टॉवरचा पंखा कमी चालला तर त्यांचीही वीज आणि पाणी वाचतं, हे आधी सांगा. आणि पाइप फुटला तर दुरुस्ती कोण करणार हे कागदावर लिहूनच घ्या, असली कामं तिथंच अडकतात. भेटीला मीपण येतो पाहिजे तर, मेसेज करा.