नागपूरच्या सपाटीवर सायकल चालवणारीला बास्क किनारा चार दिवसांत झेपेल का?

खिंडसीवाली, नागपूर

नमस्कार. वय ५१, राहणार त्रिमूर्तीनगर. सहा वर्षं झाली, दर रविवारी पहाटे पाचला निघते आणि खिंडसी तलावाला जाऊन येते. शंभराच्या वर किलोमीटर होतात, पण रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स.

मुलगी उत्तर स्पेनच्या बास्क भागात, बिल्बाओला शिकते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी तिच्याकडे जाऊन राहिली आहे. सान सेबास्तियानहून, म्हणजे तिकडचे लोक ज्याला डोनोस्तिया म्हणतात तिथून, समुद्राकाठाने बिल्बाओपर्यंत दोघींनी सायकलवर यायचं असं ठरलं आहे. नकाशावर अंतर साधारण दीडशे किलोमीटर दिसतं. मी म्हटलं, दोन दिवस पुरे. ती म्हणते, चार लागतील, आणि तरीही आई, तू नीट विचार कर.

तिला सायकल मीच शिकवली, फुटाळ्याच्या रस्त्यावर, मागून सीट धरून. त्यामुळे "विचार कर" हे मनाला लागलं. खरं काय ते सांगा. सायकल तिथेच भाड्याने घेणार. अंडं चालतं, मांस-मासे खात नाही.

धरमपेठेतला

ताई, मुलीचं बरोबर आहे. चार दिवसच ठेवा.

२०२३ साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बिल्बाओहून सुरू झाली, ती बघायला मी गेलो होतो आणि नंतर हाच रस्ता केला. आपण नागपूरकर अंतर मोजतो, तिथे चढ मोजावे लागतात. डोंगर उंच नाहीत, दोन-तीनशे मीटरचे. पण प्रत्येक गाव खाली, समुद्राच्या पातळीवर वसलेलं. गाव सोडलं की चढ, वर पोचलो की उतार, उतरलो की पुन्हा समुद्र आणि पुन्हा शून्यापासून चढ. ओरिओ, झारौत्स, झुमाया, देबा, मुत्रिकू, ओन्दारोआ, लेकेइत्यो सगळी अशीच. तिसऱ्या चढाला माझे पाय थरथरत होते आणि घड्याळात जेमतेम तीस किलोमीटर झाले होते.

आता रेल्वेचं. एउस्कोत्रेन नावाची छोट्या गेजची गाडी बिल्बाओ ते डोनोस्तिया जाते आणि त्यात सायकल नेता येते. गर्दीच्या वेळेचे नियम आधी बघून घ्या. सायकली बिल्बाओलाच भाड्याने घ्या, गाडीत टाकून डोनोस्तियाला जा (अडीच-पावणेतीन तास) आणि सायकलवर परत या. म्हणजे सायकल दुसऱ्या गावात परत करायची भानगड नाही. शिवाय तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालायचं आणि तुम्ही पश्चिमेकडे येणार, म्हणून समुद्र सतत तुमच्या बाजूला राहील. उलट दिशेने गेलात तर मध्ये समोरून येणारी वाहनं.

देबापर्यंत गाडी रस्त्याला धरून आहे. थकलात तर स्टेशन गाठा. ओन्दारोआ आणि लेकेइत्योला मात्र रेल्वे नाही. देबा सोडलं की थेट गेर्निकाला गाडी भेटते. म्हणून देबाच्या आधीच्या रात्री नीट झोपा, पुढे जायचं की गाडी पकडायची हा निर्णय संध्याकाळच्या थकव्यात घेऊ नका.

पहिला दिवस झुमायापर्यंत. डोनोस्तियाहून इगेल्दोचा डोंगर चढून जाणारा रस्ता फार सुंदर आहे, पण पहिल्याच सकाळी नको. उसुर्बिलवरून नदीकाठाने ओरिओला या. पुढे झारौत्स ते गेतारिया हे चार-पाच किलोमीटर सपाट, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा. तिथे घाई केलीत तर मला वाईट वाटेल. गेतारिया हे एल्कानोचं गाव. मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ साली जहाज परत आणलं ते यानेच. झुमायाला इत्सुरुन किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उतरा. दगडाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत.

दुसरा दिवस लेकेइत्यो, सगळ्यात कठीण. तिसरा गेर्निका. २६ एप्रिल १९३७ला ते गाव बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं होतं. ज्या ओकच्या झाडाखाली बास्क लोकांच्या सभा भरत, त्याचाच वंशज आज तिथे उभा आहे. आम्ही अर्धा तास काही न बोलता बसलो. चौथ्या दिवशी बेर्मेओ, बाकिओ करत प्लेन्त्सियाला या आणि तिथून मेट्रोने बिल्बाओ. शहराच्या रहदारीत शिरायची गरजच नाही.

गियर आणि ग्रीस, पुणे

भाड्याची सायकल ठरवताना एकच प्रश्न विचारा: मागच्या कॅसेटमधल्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांमधल्या, सगळ्यात मोठ्या चक्राला दाते किती? पुढे ३४ आणि मागे २८ असेल, तर मिनिटाला साठ पॅडल मारून वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर राहतो. दहा टक्के चढावर तेवढा वेग आपल्यासारख्यांना टिकवता येत नाही, मग पॅडल अडखळतं आणि गुडघा दुखतो. मागे ३४ असेल तर त्याच साठ पॅडलांत साडेसात. सामान सोबत असेल तर ३४च्या खाली घेऊच नका.

ब्रेकही तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, तिकडे डावा. ओल्या उतारावर हात सवयीने चुकतो. आणि स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

परतवाड्याचा भाऊ

ताई, खिंडसीला जाऊन चढाची तयारी होत नाही. महिन्यातून दोन शनिवार आमच्याकडे या. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट करा, वर हजार मीटरच्या पुढे पोचता. पाऊस सुरू असताना या, तिकडेही पाऊस वर्षभर केव्हाही येतो. मधल्या रविवारी रामटेकच्या गडमंदिराचा रस्ता सहा वेळा वर-खाली करा. एकदा चढून दर्शन घेऊन परतणं वेगळं आणि उतरून लगेच पुन्हा चढणं वेगळं. तुमचा तो किनारा दुसऱ्या प्रकारचा आहे.

धरमपेठेतला

जेवणाचं राहिलं होतं. तोर्तिया म्हणजे बटाटा-अंड्याचा जाड पोळा, सकाळी जवळपास प्रत्येक बारमध्ये मिळतो. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून वर जाडं मीठ टाकून देतात, तिखट नसतात. इदियाझाबाल चीज मेंढीच्या दुधाचं, खिशात ठेवा. डाळीसारखी दिसणारी घेवड्याची उसळ मात्र विचारून घ्या, तिच्यात बहुतेक वेळा मांस असतं. आणि दुपारी दुकानं बंद होतात, त्याआधी केळी-पाव घेऊन ठेवा.

खिंडसीवाली, नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलीला फोन केला आणि सांगितलं, तुझंच बरोबर, चार दिवस. ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, लेकेइत्योची खोली मी बघते. दुकानात कॅसेटचं विचारायला सांगितलं आहे.

परतवाड्याच्या भाऊ, पुढच्या शनिवारी पहाटेच्या गाडीने सायकल घेऊन येते. घाटाच्या पायथ्याशी किती वाजता भेटायचं?