मदत हवी आहे: मचाण न वापरता जमिनीवर बसून धनुष्याने हरणाची शिकार (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहते. इथे धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. मग १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीचा हंगाम आणि डिसेंबरात पुन्हा धनुष्य. हंटर सेफ्टीचा कोर्स, परवाना, जमीनमालकाची परवानगी हे सगळं रीतसर झालेलं आहे. ४५ पौंडांचं (म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर) कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य आहे. २० यार्डांवर बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. अडलंय ते जमिनीवर बसण्यापाशी.

आधीच सांगते, भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथली परिस्थिती निराळी आहे. मिशिगनच्या दक्षिण भागात लांडगे उरलेले नाहीत, शेतं भरपूर आणि हरणंही भरपूर. राज्याचं खातं दरवर्षी नियम ठरवून परवाने देतं. मांस आमच्या घरात खाल्लं जातं, वाया जात नाही. शिकार करावी की करू नये यावर कुणाला बोलायचं असेल तर वेगळा धागा काढूया, मीही तिथे येईन. इथे कृपया तंत्राबद्दलच सांगा.

इथले जवळपास सगळे जण झाडावर मचाण बांधून बसतात. मला कानाच्या आतल्या भागाचा त्रास आहे, उंचावर गेलं की तोल जातो. डॉक्टरांनी शिडीसुद्धा बंद केली आहे, तेव्हा मचाणाचा विषय संपला. शिवाय जागाही मचाणाजोगी नाही. एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं लॅपीर काउंटीत शेत आहे. पश्चिमेला मका, पूर्वेला टॅमरॅकच्या झाडांची दलदल, आणि दोन्हींना जोडणारा ऑटम ऑलिव्हच्या झुडपांचा लांबट पट्टा. टॅमरॅकचे बुंधे मनगटापेक्षा थोडे जाड, एवढेच. दुपारभर हरणं दलदलीत बसलेली असतात आणि संध्याकाळी त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेने मक्याकडे निघतात. पायवाट इतकी वापरातली आहे की गवताखालची काळी माती उघडी पडली आहे.

गेल्या हंगामात ऑक्टोबरच्या अखेरीस मी या वाटेपासून १५ यार्डांवर, एका पडलेल्या मेपलच्या मुळांच्या आड स्टुलावर बसले होते. वारा पश्चिमेचा होता. एक मादी आली, मागे तिची त्या वर्षीची दोन पिल्लं. मी दोरी निम्मी ओढली असेल नसेल, तोच ती थबकली. एक कान माझ्याकडे, दुसरा मागे पिल्लांकडे. मग मान खाली घातली, चरायला लागल्यासारखी, आणि गवताला तोंड न लावता झटक्यात वर केली. पुन्हा तसंच. पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. माझा दंड थरथरायला लागला तशी मी दोरी हळूहळू सोडली, आणि तेवढ्यात तिने नाकातून जोरात फुत्कार टाकला. पांढऱ्या शेपट्या वर करून तिघंही दलदलीत गेली. त्यानंतर अंधार पडेपर्यंत त्या बाजूने काहीही आलं नाही.

माझी खरी काळजी हरीण पळून जाण्याची नाही. घाईघाईत, अर्धवट नेमाने बाण सुटून जनावर जखमी होऊन दलदलीत मरावं, हे मला कुठल्याही परिस्थितीत नको आहे. म्हणून विचारते:

जमिनीवर, हरणाच्या डोळ्यांच्या पातळीत बसलेलं असताना दोरी नेमकी केव्हा ओढायची? कापडी पॉपअप ब्लाइंड (लपून बसायचा, झटकन उघडणारा तंबू) घ्यावा की झुडपांचाच आडोसा पुरेल? आणि मचाणावरून बाण वरून खाली जातो, जमिनीवरून तो आडवा जातो, तर नेम धरण्यात आणि नंतर माग काढण्यात काय फरक पडतो? इंग्रजी व्हिडिओ पाहिले, पण निम्म्यात नवीन सामान विकण्याचीच घाई असते. प्रत्यक्ष बसलेल्या कुणाचा तरी अनुभव हवा आहे.

प्रतिसाद: ग्रँडरॅपिड्सकर

ताई, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी अनेक वर्षं जमिनीवरच बसतो. याच राज्यात ग्रेलिंगला फ्रेड बेअरचा धनुष्यांचा कारखाना होता, आणि त्या माणसाने कंपाउंड नसलेल्या साध्या रिकर्व्ह धनुष्याने जमिनीवरून भरपूर शिकार केली. तेव्हा हे होणारं काम आहे.

दोरी ओढायची ती हरणाचा डोळा झाकलेला असताना. तुम्ही आणि वाट यांच्यामध्ये एखादं दाट झुडूप येईल अशी बैठक निवडा. डोकं त्याच्या मागे गेलं की ओढायचं, बाहेर आलं की थांबायचं. त्याहून चांगलं म्हणजे हरणाला पुढे जाऊ द्यायचं. ते तुमच्या बरोबरीने येऊन दोन पावलं पुढे गेलं की त्याची नजर मक्याकडे असते आणि बरगड्या थोड्या मागच्या कोनातून दिसतात. बाणासाठीही तोच कोन उत्तम. समोरून येणाऱ्या हरणावर ओढायचंच नाही.

पिल्लं बरोबर असतील तर एक डोळा झाकून भागत नाही, सहा डोळे असतात. अशा वेळी मी बहुतेकदा सोडून देतो.

दंड थरथरला म्हणता, तर धनुष्याच्या ओढीचं वजन उतरवा. स्टुलावर बसून, धनुष्य छातीसमोर धरून, ते आभाळाकडे न उचलता सरळ मागे ओढता आलं पाहिजे. येत नसेल तर ४५चे ४० करा. पाती धारदार असतील आणि अंतर १५ यार्ड असेल तर ४० पौंड पुष्कळ झाले. सराव उभ्याने करू नका. ज्या स्टुलावर बसणार त्याच स्टुलावर, जाड जॅकेट घालून करा. खालचं चाक मांडीला लागतं का ते तेव्हाच कळतं. उजव्या हाताने ओढत असाल तर डावा खांदा वाटेकडे ठेवून बसा, म्हणजे ऐन वेळी कंबर वळवावी लागत नाही.

आणि स्टुलाभोवतीचा पाचोळा आधीच बाजूला करून माती उघडी करा. पाय सरकवला तरी आवाज होत नाही.

प्रतिसाद: मेळघाटी

मी शिकारीच्या बाजूचा नाही, तरी लिहितो, कारण जनावर जखमी होऊ नये ही तुमची कळकळ पटली. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी मचाणावर बसलो आहे आणि फोटोंसाठी जमिनीवरच्या लपणातही. मचाणावर चुकून हललेलं खपून जातं, जमिनीवर नाही. जनावर तुमचा आकार ओळखतं तो पाठीमागच्या उजेडामुळे. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद काहीतरी हवं आणि तुम्ही सावलीत हवं. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन तोंडावर येत असेल तर चेहरा आणि तळहात झाका, सगळ्यात आधी तेच चमकतात.

प्रतिसाद: ग्रँडरॅपिड्सकर

मेळघाटी, अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. हरणांना लाल-नारिंगी रंग मंद दिसतो, पण निळा आपल्यापेक्षा चांगला दिसतो. शिकारीचे कपडे ‘उजळपणा’ देणाऱ्या, म्हणजे निळसर चमक आणणाऱ्या पावडरीत धुऊ नका. आणि निळी जीन्स घरीच ठेवा.

प्रतिसाद: शेताच्या कडेला

तुमच्या वर्णनात मला मुख्य अडचण वाऱ्याची दिसते. हरणं पूर्वेकडून येतात, वारा पश्चिमेचा, म्हणजे तुमचा वास थेट ती जिथे बसतात त्या दलदलीत. शिवाय सूर्य कलला की हवा गार होऊन पाण्यासारखी उताराला लागते, आणि तुमच्याकडे सगळ्यात सखल जागा तीच दलदल. मचाणावरच्या माणसाचा वास कधीकधी हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर ती सवलत नाही.

वाटेच्या दक्षिणेला बसणार असाल तर वायव्येचा वारा असेल त्याच दिवशी जा. वास आग्नेयेला जाईल, वाटेपासून दूर. ऑक्टोबरात थंडीची लाट येऊन गेली की एखाद-दोन दिवस असा वारा मिळतो. नैर्ऋत्येचा असेल तर पट्ट्याच्या उत्तरेला बसा. निव्वळ पश्चिमेच्या वाऱ्याला तिथे जाऊच नका, नाहीतर चांगली जागा नासते.

वारा बघायला पावडरची बाटली घेऊ नका. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला मिल्कवीडच्या शेंगा फुटलेल्या असतात, आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. लहानपणी आपण जी म्हातारी फुंकायचो, तशीच ही. एक एक सोडायची आणि नजरेने पाठलाग करायचा. पावडर हातभर अंतरावर दिसेनाशी होते. ही म्हातारी ५०-६० यार्ड तरंगत जाते आणि कुठे वळते, कुठे खाली बसते ते सगळं दाखवते.

ब्लाइंडबद्दल: हालचाल लपवायची असेल तर पॉपअप चांगलाच. पण तो हंगामाआधी दोन-तीन आठवडे लावून, फांद्या खोचून ठेवा. रातोरात उगवलेला तंबू हरणांना खटकतो. आत काळे कपडे घाला आणि मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात तुमची बाह्याकृती स्पष्ट दिसते.

प्रतिसाद: माग

नेम आणि माग यावर थोडं लिहितो, कारण जमिनीवर बसणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच बाण सोडा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर. दोन्ही फुफ्फुसं तिथेच सापडतात. उंच धरू नका. त्याला कारण आहे: २० यार्ड म्हणजे ६० फूट, बाणाला साधारण पाव सेकंद लागतो आणि दोरीच्या आवाजाला त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. सावध असलेलं हरीण आवाज ऐकून उडी मारण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा भलतीकडे लागतो. तुमच्या त्या मादीसारखं पाय आपटणारं जनावर असेल तर बाण सोडायचाच नाही. तोंडाने आवाज काढून हरीण थांबवण्याची मचाणावरची युक्तीही जमिनीवर नको, ते सरळ तुमच्याकडेच बघतं.

मचाणावरून मारलेल्या बाणाचं बाहेर पडायचं भोक खाली असतं, म्हणून रक्त लगेच जमिनीवर पडतं. जमिनीवरून दोन्ही भोकं एका पातळीत येतात. रक्त आधी छातीत साठतं, त्यामुळे सुरुवातीला माग कोरडा वाटला तरी धीर सोडू नका. बाण शोधा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद लाल म्हणजे यकृत, निदान चार तास. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट, आठ ते बारा तास त्या बाजूला फिरकू नका. घाईने गेलात तर ते जनावर उठून दलदलीत आणखी आत जाईल. गळपट्ट्याची दोरी हातात धरलेल्या कुत्र्याने माग काढायला मिशिगनमध्ये परवानगी आहे. असा कुत्रा पाळणाऱ्याचा नंबर हंगामाआधीच फोनमध्ये ठेवा.

जमिनीवर बसता म्हणजे गोचिड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर लाइम आजार. कपड्यांवर पर्मेथ्रिन मारून पूर्ण वाळवा, अंगाला लावू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाऱ्याचं गणित वाचलं आणि त्या संध्याकाळचा उलगडा झाला. आता वजन ४०वर आणते आणि सप्टेंबरभर स्टुलावरूनच सराव करते. पॉपअप ब्लाइंडही लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुमारास लावून ठेवते.

पण यातून नवीन प्रश्न निघाला. वायव्येच्या वाऱ्याला मी दक्षिणेला बसणार, म्हणजे बाण उत्तरेला जाणार. झुडपांच्या पट्ट्यापलीकडे मोकळं शेत आणि त्यापुढे रस्ता आहे. बाण आडवा जातो, चुकला किंवा आरपार गेला तर?

प्रतिसाद: माग

हे विचारलंत ते फार चांगलं झालं. मचाणावरचा बाण मातीत घुसतो, जमिनीवरून सोडलेल्या बाणाला अडवायला मागे माती हवी. पट्ट्यालगत पाण्याचा चर किंवा जुना बांध आहे का?

धागाकर्ती

चर आहे. खोदताना काढलेली माती उत्तरेच्या काठावर टाकलेली आहे. छातीइतका उंच बांध, पण पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकालाच.

प्रतिसाद: माग

मग ब्लाइंड तिकडेच हलवा. दलदल जवळ येते, तेव्हा दुपारी लवकर आणि दक्षिणेकडून वळसा घालून जा. बांध संपतो त्या पलीकडे बाण सोडायचा नाही, ती हद्द आजच एखाद्या झुडपाला खूण करून ठरवा. आणि आत बसून खिडकीची खालची कड तपासा. साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन बाणापेक्षा दोन-तीन इंच वर असते. पिनमधून हरीण मोकळं दिसतं आणि बाणाचं टोक मात्र कापडामागे असतं. पूर्ण ओढून धरा आणि बाजूला बसलेल्या कुणाला तरी ते टोक बघायला सांगा. कड आड येत असेल तर स्टूल दोन इंचांनी उंच करा.