मुलाखतीत सादरीकरण करताना आवाज कापतो आणि पुढचे आठवत नाही, काय करावे?

म्हादईकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली चार वर्षे एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते आहे. अठरा दिवसांनी वेर्णा औद्योगिक वसाहतीत वरिष्ठ पदासाठी माझी मुलाखत आहे. प्रश्नोत्तरांच्या आधी मेथड व्हॅलिडेशनवर (तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्यावर) दहा मिनिटांचे सादरीकरण करायचे आहे. विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. लिनिअ‍ॅरिटीच्या (द्रावणाची तीव्रता, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, वाढेल तसतसे मोजमाप सरळ रेषेत वाढते का हे दाखवणाऱ्या) आलेखासाठी किमान पाच वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनचे बिंदू का घ्यायचे, हे प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना मीच समजावून सांगते.

तरीही गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी नेमक्या त्याच आलेखापाशी मी अडले. हातातल्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर इतका थरथरू लागला की समोरच्या तिघांचे लक्ष तिकडे गेले, आणि ते गेल्याचे मला जाणवताच पुढचे सारे शब्द नाहीसे झाले. उरलेल्या स्लाइड मी त्यांच्याकडे पाठ करून वाचून दाखवल्या आणि सहा मिनिटांत खाली बसले. ती नोकरी मिळाली नाही याचे दुःख ओसरले आहे; पण मला जे नीट येते तेच मला सांगता आले नाही, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

भाषेचाही प्रश्न आहेच. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, असे माझे शिक्षण झाले. इंग्रजी लिहिताना अडचण येत नाही, पण घाबरले की तोंडातून इंग्रजी वाक्य पुरे होत नाही. एका मैत्रिणीने मुलाखतीपूर्वी घ्यायची एक गोळी सुचवली आहे, तिने हृदयाची धडधड थांबते म्हणे. ती घ्यावी का? आणि गोळीशिवाय या अठरा दिवसांत काय करता येईल?

उत्सवी रंगकर्मी, फोंडा

ताई, गोळीविषयी जाणकार सांगतील. मी गेली बावीस वर्षे देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत हौशी मराठी नाटके करतो आहे, त्यामुळे मला फक्त धडधडीविषयी सांगता येईल. प्रवेशाआधी विंगेत उभे असताना घशाला कोरड पडणे आणि तळहात ओले होणे हे माझे आजही होते. पहिली काही वर्षे मी ते घालवण्याच्या मागे होतो. पुढे लक्षात आले की धडधड राहिली तरी चालते. पहिले वाक्य तोंडात तयार असले पाहिजे.

म्हणून आपल्या सादरीकरणाची पहिली तीन वाक्ये, केवळ तीनच, शब्दन् शब्द पाठ करा. सगळे भाषण पाठ करू नका, कारण सगळे पाठ केलेल्या माणसाचा एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते, आणि आपल्या बाबतीत आलेखापाशी तसेच झाले असावे असे मला वाटते. उरलेला मजकूर थांब्यांप्रमाणे लक्षात ठेवा. वाळपईहून कदंबच्या बसने निघाल्यावर होंडा येते, मग साखळी, मग डिचोली. मध्ये डोळा लागला तरी जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे कळते, कारण थांब्यांचा क्रम अंगात मुरलेला असतो. प्रत्येक स्लाइडला असा एकेक शब्दाचा थांबा द्या आणि ते थांबे क्रमाने म्हणता येतात का, हे भात शिजत असताना, कपडे वाळत घालताना पाहत राहा.

तालीम मात्र उभ्यानेच करा, मोठ्या आवाजात, मुलाखतीला नेसणार असाल ती साडी किंवा घालणार असाल तो पोशाख घालून. मनातल्या मनात केलेल्या तालमीत जीभ अडखळत नाही आणि श्वासही पुरतो, त्यामुळे ती खरी तालीम होत नाही. पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी सारा विषय कोकणीतून सांगा. आई किंवा मावशी मध्येच ‘म्हणजे काय?’ असे विचारील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विषयाचा क्रम खऱ्या अर्थाने आपला होईल. त्यानंतरच इंग्रजीतून म्हणा, आणि रोज म्हणा, कारण इंग्रजीची सवय डोळ्यांना आहे, ती तोंडाला व्हायला हवी. आमच्या तालमी कधी कधी पत्र्यावर पाऊस कोसळत असताना होतात. त्या आवाजात वाक्य पोचवायची सवय झालेल्या नटाला प्रयोगाच्या रात्री कुणाचा खोकला अडवत नाही.

लेझर पॉइंटर घरी ठेवा. जे दाखवायचे त्यावर स्लाइडमध्येच बाण काढून ठेवा.

मुलाखतमंडळातला एक

मी अनेक वर्षे तांत्रिक पदांच्या मुलाखती घेतो आहे. वरच्या प्रतिसादातील बहुतेक सूचना मला पटतात, एक सोडून. पाठ केलेली वाक्ये आम्हाला लगेच ओळखू येतात, विशेषतः ती विषयाच्या व्याख्येने सुरू होत असतील तेव्हा. पाठ करायचीच असतील तर ती आपल्या कामातली असू द्यात: अमुक पद्धत आपण स्वतः व्हॅलिडेट केली, त्यात अमुक अडचण आली आणि आज तिच्याविषयी सांगणार आहात. व्हॅलिडेशनची व्याख्या मंडळातील प्रत्येकाला माहीत असते, आपली अडचण मात्र कुणालाही माहीत नसते.

दुसरे असे की आपली भीती समोरच्यांना जितकी दिसते असे आपल्याला वाटते तितकी ती दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वक्त्यांना भाषणापूर्वी एवढीच गोष्ट समजावून सांगितली होती, आणि ज्यांना ती सांगितली त्यांची भाषणे त्यांना स्वतःला तशीच श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली. माझा अनुभव याला धरूनच आहे. उमेदवाराचा आवाज कापला हे चहा येईपर्यंत मी विसरलेलो असतो. त्याने प्रयोगातल्या नकोशा निकालाचे काय केले हे मात्र लिहून ठेवतो.

दहा मिनिटांसाठी आठ मिनिटांचेच साहित्य न्या. आम्ही मध्येच प्रश्न विचारतो, आणि तो विचारला गेला की उमेदवाराला आपण चुकलो असे वाटते. वास्तविक आम्हाला रस वाटू लागलेला असतो. घरच्या तालमीत कुणाला तरी मुद्दाम मध्येच तोडायला सांगा.

डॉक्टर, मडगाव

मैत्रिणीने सुचवलेली गोळी बहुधा प्रोप्रानोलॉल असावी. हे बीटा ब्लॉकर गटातील औषध असून ते अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील परिणाम रोखते, त्यामुळे धडधड आणि हातांचा कंप कमी होतो. काही डॉक्टर अशा प्रसंगासाठी ते लिहून देतात हे खरे. पण दमा असलेल्या व्यक्तीची श्वासनलिका त्याने धोकादायकरीत्या आकुंचन पावू शकते, ज्यांचे ठोके मुळातच मंद आहेत किंवा रक्तदाब कमी आहे त्यांना ते त्रासदायक ठरते, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांमध्ये साखर उतरल्याची लक्षणे ते झाकून टाकते. मैत्रिणीच्या डब्यातली गोळी कृपया घेऊ नका. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांकडून तपासून घेऊन, आणि मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदाच तर मुळीच नको.

गोळीशिवाय करता येण्यासारखे साधे काही सांगतो. श्वास सोडताना व्हेगस नाडीच्या प्रभावामुळे हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून बाहेर खुर्चीत वाट पाहताना चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत सोडा; पाच मिनिटे पुरतात. जोरजोराने खोल श्वास घेऊ नका, त्याने उलट चक्कर येते. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चहा-कॉफी नको, आणि आदल्या रात्री जागून स्लाइड बदलत बसू नका.

एवढे करूनही भीती अशीच राहिली, तिच्यापायी संधी सोडाव्याशा वाटू लागल्या, तर त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत जाण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही; माझे अनेक रुग्ण तिथे गेले आणि त्यांना गुण आला आहे.

म्हादईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलाखत परवा झाली. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांचा प्रतिसाद वाचताच गोळीचा विचार सोडून दिला. आईला कोकणीतून तीनदा सांगितले. तिसऱ्या वेळी तिनेच मला ‘आता तो आलेख ना?’ असे विचारले.

सुरुवात माझ्याच एका फसलेल्या व्हॅलिडेशनने केली. चौथ्या मिनिटाला एका सदस्यांनी थांबवून विचारले की रेंज, म्हणजे तपासायच्या कॉन्सन्ट्रेशनचा पल्ला, ऐंशी ते एकशेवीस टक्केच का घेतली. त्यांना उत्तर दिल्यावर क्षणभर काही सुचेना, पण पुढचा थांबा साखळी होता आणि तो आठवला. रोबस्टनेसविषयीच्या (चाचणीच्या परिस्थितीत थोडा बदल झाला तरी पद्धत टिकते का याविषयीच्या) एका प्रश्नावर मी सरळ सांगितले की हे मी स्वतः केलेले नाही, आणि करायचे झाल्यास कुठून सुरुवात करीन तेही सांगितले. त्यावर ते दोन मिनिटे माझ्याशी चर्चा करत राहिले. निकाल अजून कळलेला नाही. पहिल्या दोन वाक्यांत कापणारा आवाज तिसऱ्या वाक्याला स्थिर झाला; हात मात्र शेवटपर्यंत गारच होते.