पिल्लाला जंत झालेत, बकऱ्यांचं औषध पाजलं तर चालेल का?

केळीवाला_यावल
मळ्यातली कुत्री व्यायली, त्यातलं एक पिल्लू घरी आणलंय, दोन महिन्यांचं असेल. पोट हे एवढं फुगलेलं आणि बरगड्या मात्र मोजून घ्या, खायला टाकलं की तुटून पडतं पण अंगाला काही लागून नाही राहिलं. काल ओकलं तर त्यात बोटभर लांब पांढरे जंत निघाले, जिवंत, वळवळत होते, आई तर घाबरूनच गेली. शेजारचे अप्पा म्हणतात गोठ्यात बकऱ्यांची जंताची बाटली आहे, झाकणभर पाज, मोकळं होईल. पाजू का? बहिणीचा दीड वर्षाचा पोरगा दिवसभर अंगणात असतो, त्याचंही टेन्शन आलंय.

जळगाव_श्वानमित्र
भाऊ ती बाटली आधी बाजूला ठेव. त्यात औषध कोणतं, किती दाट, हे न बघता झाकणाचा हिशोब चालत नाही, बकरी कुठे आणि दोन-तीन किलोचं पिल्लू कुठे. त्यातून ते गुरांचं आयव्हरमेक्टिन निघालं तर अंदाजाने दिल्यावर पिल्लू लटपटतं, झटके येतात, जीवही जातो. लसूण पण देऊ नको कोणी सांगितलं तरी, कुत्र्यांचं रक्त कमी होतं त्याने. पिल्लांना पायरँटेलचं पातळ औषध देतात नाहीतर फेनबेंडाझोल सलग ३ दिवस, आणि डोस वजनावरच. पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभा रहा, मग एकटा उभा रहा, फरक ते त्याचं वजन, तेवढं डॉक्टरला सांग.
आणि एकदा पाजून सोडून देऊ नको. औषध आतड्यातले जंत काढतं, शरीरात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात येतात, म्हणून २ आठवड्यांनी परत द्यावंच लागतं. खरं तर पिल्लू २ आठवड्यांचं झालं की सुरू करायचं, दर २ आठवड्यांनी, पुढे ६ महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, मग दर ३ महिन्यांनी.

धुळ्याची_मनीषा
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. दादा, पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक, पांढऱ्या पडल्या असतील किंवा संडास काळी डांबरट होत असेल तर आजच्या आज दवाखाना गाठा, ते अंकुशकृमी असू शकतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, लहान पिल्लू बघता बघता जातं. सोबत ताजी संडास डबीत आणा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात.
हे जंत पिल्लाला आईकडूनच येतात, गोल जंत पोटात असतानाच आणि अंकुशकृमी दुधातून. म्हणून मळ्यातली कुत्री आणि बाकीची पिल्लं सगळ्यांनाच औषध द्या. लोक म्हणतात आपल्याकडे ४५ डिग्रीत सगळं मरून जातं, पण केळीत ड्रिपचा ओलावा आणि वर दाट सावली, तिथे या अळ्या मजेत जगतात, कातडीतून आत शिरतात, माणसाच्यासुद्धा. मळ्यात अनवाणी फिरू नका.

अमळनेर_बंटी
अजून एक, संडासच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर ते वेगळे जंत, पट्टकृमी. अंगावरची पिसू चावताना गिळली जाते त्यातून होतात, त्याला प्राझिक्वांटेल लागतं, आणि पिसवा नाही काढल्या तर पुन्हा होणारच. नवसाचा बोकड कापला की कच्ची फोपसं, कलेजी कुत्र्यांना टाकतात, ते बंद करा प्लीज, त्यातल्या एका जंताने माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

केळीवाला_यावल
सगळ्यांचे आभार. दवाखान्यात जाऊन आलो, हिरड्या बऱ्या आहेत, औषध दिलं. संध्याकाळी संडासात जंत पडले पण काही हलत होते, औषध लागू नाही पडलं का? आणि बाळाचं काय करू?

धुळ्याची_मनीषा
हलत पडले तरी चालतं दादा, पायरँटेलने जंत लुळा पडतो आणि बाहेर येतो. फक्त पिल्लू सारखं ओकत राहिलं, पोट कडक झालं तर परत दाखवा, जंतांचा गोळा अडकू शकतो.
बाळासाठी मुख्य काम म्हणजे संडास रोजच्या रोज उचलणं. गोल जंताचं अंडं पडल्याबरोबर बाधत नाही, मातीत २ ते ४ आठवडे जावे लागतात, पण एकदा मातीत मिसळलं की वर्षानुवर्षं टिकतं. बाळ माती खातं, ते अंडं पोटात गेलं तर अळी डोळ्यापर्यंत जाऊ शकते. हात साबणाने धुवा आणि पिल्लाला त्याचं तोंड चाटू देऊ नका.

केळीवाला_यावल
ओके ताई. उद्या मळ्यातल्या कुत्रीला गोळी द्यायचीये, ती हातातून घेईल असं वाटत नाही.

जळगाव_श्वानमित्र
कळण्याच्या भाकरीला तूप लाव, पहिले दोन घास नुसते दे, तिसऱ्यात गोळी दाब आणि चौथा लगेच नाकासमोर धर, पुढच्या घासाच्या नादात ती तिसरा न चावता गिळते.