मदत हवी आहे: चुन्यात आकाशी रंग टिकत नाही

कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघराला पूर्वी चुन्यातला आकाशी रंग होता. भिंतीवरचं घड्याळ काढलं तर मागे तो अजून दिसतो. फिकट, पण पांढुरका नाही; पावसाळ्यानंतरच्या सकाळच्या आभाळासारखा. तोच परत हवाय.

आधी कपड्यांची पातळ नीळ चुन्यात घातली. ओली असताना झकास, वाळल्यावर ढगाळ डाग. मग दुकानदाराच्या सल्ल्याने प्रशियन ब्लू आणला, तर आठवड्यात कडा तपकिरी पडल्या. नंतर कळलं की चुन्याच्या क्षारापुढे तो रंग तगतच नाही. दुकानदाराला हे ठाऊक नसावं याचंच नवल वाटलं.

आता अल्ट्रामरीन या निळ्या रंगाची पूड आणली आहे. ती चुन्यात टिकते, एवढं वाचलंय. पण पहिल्या नमुन्यात जांभळट झाक आली आणि वाळल्यावर रंग फारच उतरला.

डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट सुचवू नका, प्लीज. माती-चुन्याची भिंत आहे, ओल बाहेर पडायला हवी. कोबाल्ट निळा रंग खिशाला परवडणारा नाही. चुना घरीच विरवलेला, तीन आठवडे मुरलेला आहे. डिंक अजून घातलेला नाही.

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा: दहा किलो विरवलेल्या चुन्याला अल्ट्रामरीन साधारण किती ग्रॅम? आणि जांभळट झाक मारायला त्यात चुन्यात टिकणारा कुठला हिरवा किंवा पिवळा रंग चिमूटभर घालावा?