मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता आणि परिचारिका, ग्रामसभेत मागणी कशी मांडावी?

नमस्कार. आम्ही निपाणी तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या आईला (वय 76) गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून तिची उजवी बाजू लुळी आहे. दवाखान्यातील खर्च बीपीएल कार्डावर ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेतून भागला, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण आईला घरी आणल्यानंतर सुरू झाली, कारण त्या योजनेत घरच्या शुश्रूषेसाठी काहीच तरतूद नाही.

आईचे सगळे वहिनी करतात. त्या बिड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन त्या आईच्या खाटेशेजारीच बसतात; दर दोन तासांनी तंबाखूचे हात स्वच्छ धुऊन तिला कुशीवर वळवायचे, पाठीची आणि टाचांची कातडी लाल तर झाली नाही ना हे पाहायचे, अंगाखालचे कापड बदलायचे, चमच्याने पेज भरवायची आणि मग पुन्हा पाने कातरायला घ्यायची, असा त्यांचा दिवस जातो. मजुरी हजारी बिड्यांवर ठरते आणि पूर्वी दिवसात पुरे होणारे हजार आता निम्म्यावर येऊन अडतात. दादा कागलच्या एमआयडीसीत पाळीवर असतो. मी बेळगावहून रविवारी येतो, तेवढा एकच दिवस वहिनींची पाठ जमिनीला टेकते.

आईला ‘संध्या सुरक्षा’ या वृद्धांच्या पेन्शनचे महिना 1,200 रुपये मिळतात. ते कापड, डायपर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांतच संपतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात माझ्या मावशीला श्रावणबाळ योजनेचे 1,500 मिळतात, पण तिला सांभाळणाऱ्या सुनेच्या हाती तिथेही काही पडत नाही. आपल्या सीमाभागात कोणताही प्रश्न शेवटी याच राज्याचे की त्या राज्याचे या वादावर येऊन ठेपतो. या धाग्यात तसे होऊ नये, ही कळकळीची विनंती, कारण सांभाळणारी व्यक्ती दोन्हीकडच्या हिशेबातून सारखीच सुटलेली आहे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा, असे काहींनी सुचवले. तो कायदा आई-वडिलांना टाळणाऱ्या मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देतो आणि त्याची गरज आहेच. परंतु जे घर आपले कर्तव्य करते आहे आणि ते करताना मजुरीला मुकते आहे, त्या घराला तो काय देतो? केरळमध्ये 2008 पासून परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दीर्घ आजारी माणसाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) धोरण आहे. तेथे ग्रामपंचायती आपल्या योजना निधीतून परिचारिका नेमतात आणि ती घरोघरी जाऊन जखमेची मलमपट्टी करते, लघवीची नळी बदलते, घरच्या माणसांना रुग्णाला कसे वळवावे हे शिकवते. दवाखान्यात दाखल केल्यावर लाखांचा खर्च सोसणारे सरकार रुग्ण घरीच नीट राहावा म्हणून परिचारिकेचा पगार देऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. आमच्यासारख्यांनी त्यासाठी नेमके कोठून सुरुवात करावी? पंचायतीच्या पैशातून परिचारिका नेमण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येईल का? आणि निवेदन मराठीत दिले तर घेतील का? एका कार्यालयात आमचा अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत केला गेला आणि तो लिहून घेण्यासाठी वहिनींचा अख्खा दिवस बुडाला.

प्रतिसाद (खानापूर तालुक्यातून):

दादा, आधी आईंचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले की कलम 38 खाली जास्त आधार मिळावा म्हणून अर्ज करता येतो आणि तो आईंच्या वतीने तुम्हीही करू शकता. त्यावर मूल्यमापन मंडळ निर्णय देते. याच कायद्यात काळजीवाहकाच्या व्याख्येत विनामोबदला सांभाळणारे घरचे लोक स्पष्टपणे धरले आहेत, म्हणून अर्जात वहिनींचे नाव आणि त्या करत असलेली कामे तासांसह लिहा. ‘सून सांभाळते’ एवढ्याने मंडळाला काहीच कळत नाही. कलम 24 चा भत्ता मात्र सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आहे, म्हणजे केवळ पात्रता सिद्ध झाली म्हणून पैसे सुरू होतीलच असे नाही. मागणीचा जोर तेथे लागेल.

ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी काम करणारा ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) त्याची चौकशी करा. कागदपत्रांची धावपळ त्याने करायची असते, वहिनींनी नव्हे. ठराव मांडताना एकट्या आईंचे उदाहरण देऊ नका. आशाताईंना सोबत घेऊन गावातील अंथरुणावरच्या सर्व माणसांची यादी करा, प्रत्येकाशेजारी सांभाळणाऱ्याचे नाव आणि त्याचा बुडालेला रोजगार लिहा. आमच्याकडे अशी यादी वाचली गेली तेव्हाच सदस्यांनी मान वर करून ऐकले.

भाषेविषयी सांगायचे तर संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्या अनुच्छेदाचा उल्लेख अर्जाच्या पहिल्या ओळीत करा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. तरीही काम अडू नये म्हणून कन्नड प्रत जोडलेली बरी. ठरावाचा मसुदा येथे टाका, कन्नड भाषांतर मी दोन दिवसांत करून देतो.